एका दिवसाच्या मोठ्या मॅडम

"अव्वा, मिऱ्या लोंबायल्यात. मॅडमच्या अशा नसत्यात."

"मॅडमला त्यांच्या आईनं नेसवली नसंल. गप उभी ऱ्हा."

महादेवीच्या दातात पिना होत्या, त्यामुळे बोलणं अर्धंमुर्धंच बाहेर पडलं. पण शिवरंजनीला ते कळलं आणि ती हसली. हसल्यामुळे खांद्यावरचा पदर पुन्हा घसरला, आणि महादेवीला तो पहिल्यापासून चुणावा लागला. शाळेची वेळ होत आली होती. महादेवीला तर लेकीच्याही आधी शाळेत पोचायचं होतं, कारण खिचडी तीच शिजवायची.

पाच सप्टेंबरला त्या प्रशालेत स्वयंशासन दिन असतो. त्या दिवशी दहावीची मुलं मास्तर होतात, मुली साड्या नेसून मॅडम होतात, आणि खरे मास्तर स्टाफरूममध्ये चहा पीत बसतात. आठवडाभर आधीपासून कोण कोण होणार यावर वर्गात रणकंदन चालतं. गणिताचा मास्तर व्हायला सगळे तयार, शिपाई व्हायला कुणीच नाही. यंदा रुद्रेश नावाच्या पोराला, घंटा दिवसभर तुझ्याच हातात राहील असं कबूल करून, कसंबसं पटवलं होतं. मुख्याध्यापक मात्र कोण होणार यावर वाद झाला नाही. शिवरंजनीचं, म्हणजे सगळ्यांच्या रंजीचं, नाव निघालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढं एकमत त्या गावात ग्रामपंचायतीलासुद्धा कधी झालं नव्हतं.

गाव नळदुर्गच्या अलीकडे, हायवेपासून आत. पहिलीत असताना रंजीला कंडक्टर व्हायचं होतं, कारण कंडक्टरला शिट्टी असते. चौथीत दवाखान्यातली नर्स व्हायचं होतं. पुढे एक वर्ष पोलीस झाली. सातवीपासून मात्र मॅडम, आणि त्यात मग बदल नाही. घरात ती अंगणातल्या शेळीलासुद्धा शुद्धलेखन घालायची. महादेवी हे सगळं ऐकत आली होती आणि प्रत्येक वेळी तिला ते खरं वाटत आलं होतं. पोर कंडक्टर होणार म्हणाली तेव्हासुद्धा महादेवीने मनातल्या मनात तिला खाकी शर्ट घालून पाहिला होता.

महादेवीचं स्वतःचं माहेर सीमेपलीकडचं, कर्नाटकातल्या आळंदकडचं. तिकडे ती कानडी शाळेत नववीपर्यंत शिकली, तिथे हिंदीला कधी मास्तरच आले नाहीत, आणि मग लग्न होऊन इकडे आली. सासरी घरात बोलायला दोन्ही भाषा, एक वाक्य कानडी तर पुढचं मराठी. पण मराठी वाचायला ती शिकली ते रंजी पहिलीत गेल्यावर. लेक पाटीवर अक्षर गिरवायची आणि आई भाकरी थापता थापता ते बघून घ्यायची. रंजी तिला छडी दाखवून रागवायचीसुद्धा.

त्या दिवशी शाळेत सगळं झोकात झालं. प्रार्थनेनंतर रंजीने भाषण केलं, उशिरा आलेल्यांना ओळीबाहेर काढलं, आणि खऱ्या मुख्याध्यापकांच्या, भागवत सरांच्या, खुर्चीत जाऊन बसली. मग मधल्या सुटीच्या आधी ती खिचडीच्या शेडकडे आली. पोरांना वाढण्याआधी मुख्याध्यापकांनी चव घ्यायची, असा नियम आहे. मागे दोन नवे मास्तर आणि घंटा घेतलेला रुद्रेश.

महादेवी चुलीपुढून उठली. पदर डोक्यावर घेतला. ताटलीत खिचडी काढून तिने दोन्ही हातांनी पुढे धरली.

"मॅडम, चव बघा."

रंजीने चमचा तोंडात घातला, भागवत सर बघतात तसं जरा वर पाहिलं आणि म्हणाली, "मीठ कमी वाटायलंय, मावशी."

शाळेतली सगळी पोरं महादेवीला मावशीच म्हणत. लेकीच्या तोंडून ते ऐकताना तिला हसू आलं होतं, पण ते तिने गिळलं.

"व्हय मॅडम. घालते."

मीठ बरोबर होतं. पण मोठ्या मॅडमनी सांगितल्यावर काय करणार, तिने घातलं थोडं. त्या दिवशी पोरं पाणी जास्त प्यायली. महादेवीला इतका आनंद झाला होता की खरकटी पातेली घासताना ती मध्येच थांबायची आणि उगाच व्हरांड्याकडे बघायची. आपल्या लेकीला तिने उभं राहून मॅडम म्हटलं होतं, आणि ते तिला नाटक वाटलं नव्हतं. पाच-सहा वर्षांनी असंच होणार, फक्त तेव्हा साडी रंजी स्वतः नेसेल, एवढाच फरक.

भागवत सरांनी खुर्चीत बसलेल्या रंजीचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी महादेवीने रंजीला सांगितलं, "त्यो माझ्या स्टेटसला ठेव."

"कशाला गं?"

"ठेव म्हणते न्हवं. माझ्या माहेरचे बघतील."

आपला फोटो कोण कोण बघणार, याचा विचार माणूस तो ठेवून झाल्यावर करतं. महादेवीने तेव्हाही केला नाही. रात्रीपर्यंत ती कुणी कुणी बघितलं ते मोजत नव्हती, नुसती पुन्हा पुन्हा उघडून स्वतःच बघत होती.

दुसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला. कस्तुराबाई नवऱ्याची, वीरप्पाची, थोरली बहीण, दिलेली आळंदकडेच, महादेवीच्या माहेरापासून जवळ. फोटोतली खुर्ची, टेबल, मागचा फळा, त्यावरची तारीख, यातलं काही कस्तुराबाईला दिसलं नव्हतं. तिला साडी दिसली होती.

"महादेवी, रंजी केवढी झाली गं. म्या वळखलीच न्हाय. म्हणलं कुणाची सून हाय ही."

"शाळंतला कार्यक्रम होता, अक्का. मॅडम झाली होती ती."

"व्हय व्हय. पण साडी लई शोभायली तिला. आमच्या जावंच्या भावाचा पोरगा हाय, शिवकुमार. घरचं ट्रॅक्टर. सुपारी बी खात न्हाय पोरगं. म्या फोटो दाखवला त्यास्नी."

"दाखवला?"

"मंग. लई पसंत पडली. येत्या ऐतवारी येतो म्हणत्यात."

महादेवीने फोन ठेवला आणि पहिलं काम काय केलं असेल तर स्टेटस काढायला सांगितलं. रंजीने विचारलं, का गं. महादेवी म्हणाली, झालं आता बघून सगळ्यांचं.

वीरप्पा हायवेवरच्या एका ढाब्यावर भट्टी सांभाळायचा. माणूस वाईट नव्हता. पोरीला कधी बोट लावलं नव्हतं त्याने, आणि ती मुख्याध्यापक झाल्याचं ढाब्यावर येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या ड्रायव्हरला सांगून झालं होतं. ढाब्यावर जायला निघाला तेव्हा महादेवी दारात आडवी उभी राहिली.

"अक्कांना नगं म्हणून सांगा. तिची धावी हाय."

"बघायला येत्यात. बघितल्यानं काय झिजती का ती?"

"बघायला आले की ठरतंय."

वीरप्पा खाली बसला. चपलेचा पट्टा उगाच काढला आणि लावला.

"म्या शिकायला न्हाय म्हणतो का? धावी झाली, पुढं काय? नळदुर्गला कॉलेजात जायाचं म्हणजे रोज हायवेवर उभं ऱ्हायाचं. कसल्या गाड्या थांबत्यात आन् आत बसलेले काय बोलत्यात, ते म्या रोज भट्टीवरनं ऐकतो. माझी पोर तिथं उभी ऱ्हायली तर माझा हात भट्टीत जाईल, महादेवी."

महादेवी दारातून बाजूला झाली. तो खोटं बोलत असता तर ती भांडली असती. पण त्याला खरोखरच भीती वाटत होती, आणि माणसाच्या खऱ्या भीतीशी कसं भांडायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खिचडी वाढून झाल्यावर ती भागवत सरांच्या खोलीत गेली. खुर्चीत आता पुन्हा तेच बसले होते. तिने सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. भला माणूस. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अठरा पूर्ण नाहीत, मावशी. हा गुन्हा आहे. एक फोन केला की माणसं येतात, लग्न थांबवतात."

"आन् मंग?"

"मग वीरप्पांकडून लिहून घेतात, की अठराच्या आत करणार नाही."

"ते खरं सर. पण मंग पोरीला शाळंत कोण पाठवंल?"

सरांनी चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला. दोन वर्षांपूर्वी असंच एक लग्न त्यांनी थांबवलं होतं. ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून शाळेत दिसली नव्हती, तिच्या मावशीकडे पाठवली होती म्हणे, आणि मावशीच्या गावी काय झालं ते विचारायचं धाडस सरांनाही झालं नव्हतं. हे महादेवीला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे सरांनाही माहीत होतं.

"पाहुण्यांशी बोलून बघा ना," ते शेवटी म्हणाले. "सरळ सांगा, मुलीला शिकायचंय. माणसं समजूतदार असतात हो आजकाल."

महादेवीला हे पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, तिच्या हातात तेवढंच होतं. आठवडाभर ती पळी फिरवताना एकच वाक्य घोकत राहिली. पाहुण्यांपुढे बाईने असं तोंड उघडायची रीत त्यांच्याकडे नव्हती. सासूपुढे, नणंदेपुढे, नवऱ्यापुढे, परक्या पुरुषांपुढे ते वाक्य म्हणायचं होतं. एकदा खिचडी खाली लागली आणि करपली. पोरांनी तक्रार केली नाही, पण तिला दिवसभर चुटपुट लागली.

ऐतवारी दुपारी पाहुणे आले. मुलाचे आईवडील, मुलगा, आणि कस्तुराबाई. फोटोतलीच साडी नेसव म्हणून कस्तुराबाईने आधीच निरोप धाडला होता. रंजीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. साडी तिने या वेळी स्वतःच नेसली, आणि नीट नेसली.

"अव्वा, बघायला आले म्हंजे लगीच न्हाय न्हवं?" तिने विचारलं.

"म्या बोलणार हाय. तू भिऊ नगंस."

चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला, चहा झाला. रंजी खाली मान घालून सगळ्यांच्या पाया पडली. मुलगा बिचारा लाजून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. त्याचंही वय फार नव्हतं. सोयाबीनच्या शेंगांवर बोलणं झालं, पावसावर झालं. महादेवीची सासू कोपऱ्यात अडकित्त्याने सुपारी कातरत बसली होती. पावसावरचं बोलणं संपलं, आणि महादेवी दाराच्या चौकटीला धरून म्हणाली, "पोरगी हुशार हाय. तिला मॅडम व्हायाचं हाय. तिची शाळा सोडवायची नगं."

वीरप्पाने मान वर केली. कस्तुराबाईने कपाळाला आठ्या घातल्या. पण महादेवीचं वाक्य सगळं बाहेर आलं होतं.

मुलाची आई हसली. ठसठशीत, प्रेमळ बाई. तिने रंजीला जवळ ओढून तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मंग व्हऊ दे की मॅडम. आमी कुठं आडवं येतोय? आमच्या घराला लागूनच शाळा हाय. घंटा आमच्या पडवीत ऐकू येती. तिथं जाईल की ही. शिकवू की."

"आजकाल शिकल्याबिगर चालतंय का," मुलाचे वडील म्हणाले.

खोलीतला ताण एकदम उतरला. वीरप्पाच्या चेहऱ्यावर तर असं समाधान पसरलं की त्याला दोन्ही हातात लाडू मिळाल्यासारखं झालं. पोर शिकणार होती, आणि हायवेवर उभी राहणार नव्हती. कस्तुराबाई म्हणाली, बघा, म्या सांगितलं न्हवतं का, माणसं लई चांगली हैत.

महादेवी मात्र चौकटीला धरून तशीच उभी राहिली. हे शब्द तिने ऐकले होते. आळंदकडच्या तिच्या माहेरी, अशाच दुपारी, तिच्या बापाने पोरगी शिकणारी आहे म्हटल्यावर, आत्ता सुपारी कातरणारी ही सासू म्हणाली होती, आमच्या गावातच शाळा हाय, शिकवू की. आणि तिने तो शब्द पाळलाही होता. जून उजाडल्यावर नव्या सुनेला तिने साडी नेसवून, डबा देऊन, या गावच्या प्रशालेत दहावीला पाठवलं होतं. महादेवी मागच्या बाकावर बसली. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं आणि तिला वाचायला उठवलं. ती फळ्याकडे बघत उभी राहिली. एकही अक्षर ओळखीचं नव्हतं. मराठी तिला बोलता येत होती, पण अक्षरं सगळी परकी होती. वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी आपुलकीनेच तिला काही दिवस पहिलीच्या वर्गात बसून अक्षरं शिकायला सांगितलं. ती बसली. मंगळसूत्र घातलेली, साडीतली बाई, सहा वर्षांच्या पोरांच्या मध्ये, सतरंजीवर. पोरं तिला विचारायची, तू कुणाची आई हाईस. मग एक दिवस ती गेली नाही. सासूने विचारलंही, आज शाळंला गेली न्हाईस? ती म्हणाली, डोस्कं दुखतंय. पुढे कुणी विचारलं नाही. त्याच शाळेत ती पुन्हा पाऊल टाकू शकली ते खिचडी शिजवायला.

कुणीच तिला फसवलं नव्हतं. म्हणून तर इतक्या वर्षांत तिला कुणावर रागावताही आलं नव्हतं.

तिने सासूकडे पाहिलं. म्हातारीचा अडकित्ता थांबला होता. तिने मान वर केली नाही.

"तिथली शाळा कानडी असंल," महादेवी म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"व्हय की, कानडीच," मुलाची आई म्हणाली. "पण तुमच्यात घरात कानडी बोलत्यात न्हवं? पोरीला येत असंल की."

"येतंय की," वीरप्पा म्हणाला. "आमच्यापरीस चांगलं बोलती."

सगळे हसले. महादेवीकडे दुसरं वाक्य नव्हतं. आठवडाभर तिने एकच पाठ केलं होतं.

"तोंड गोड करा आता," कस्तुराबाई म्हणाली. "महादेवी, साखर आण. आन् पोळ्या लाटायला घे, जेवूनच जातील ते."

स्वयंपाकघरात रंजी तिच्या मागोमाग आली. सकाळपासून उतरलेला तिचा चेहरा फुलला होता. महादेवीला त्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून तिने परात पुढे ओढून त्यात पीठ काढलं.

"अव्वा, शिकवणार म्हणल्या त्या."

"व्हय."

"शाळा घराला लागून हाय. मला तर इथं किती चालावं लागतंय. आन् म्या बघ, तिथंच मॅडम लागले तर घंटा झाल्यावर निघायचं घरातनं." ती स्वतःशीच हसली. तिने शाळा पाहिली होती जणू; पडवी, घंटा, आपलं टेबल, सगळं तिच्या डोळ्यांपुढे उभं होतं. "फकस्त मला कानडी लिवता येत न्हाय. तू शिकीव. तुला येतंय की. लग्नापत्तुर व्हईल माझं."

महादेवीने तिच्याकडे पाहिलं. सांगायचं होतं. फळ्याचं, सतरंजीचं, पोरांचं, सगळं आत्ता सांगायचं होतं. पण सांगून काय करायचं? बाहेर माणसं जेवायला थांबली होती. पोर आज दिवसभरात पहिल्यांदा हसत होती, आणि ते हसू आपल्या हाताने पुसायचं तर त्या जागी ठेवायला महादेवीकडे काहीच नव्हतं.

तिने परातीतलं पीठ तळव्याने सारखं केलं आणि त्यावर बोटाने कानडी अ काढला. रंजी वाकून बघू लागली. मग आ. बोट सावकाश वळलं, पण वळलं. मग तिसऱ्या अक्षराला ते पिठावर टेकलं आणि तिथेच राहिलं. महादेवीने डोळे मिटले, उघडले. हाताला आठवत असेल म्हणून तिने बोट नुसतं सोडून दिलं. हाताने काढलं ते अक्षर ओळखीचं होतं.

"अव्वा, ही तर आपली मराठी इ हाय."

"व्हय."

तिने ते पुसलं आणि पुन्हा बोट टेकवलं. आतलं काहीच पुढे सरकेना. नववीपर्यंत ज्यात ती पहिली यायची, ते सगळं कधी गेलं, कुठल्या वर्षी गेलं, तिला कळलंच नव्हतं. बाहेरून कस्तुराबाईने साखरेसाठी पुन्हा हाक मारली.

रंजीने आईच्या मनगटावर हात ठेवला. पहिलीच्या पोराला समजावतात तशा आवाजात ती म्हणाली, "सावकाश आठव, अव्वा. काय घाई न्हाय."

महादेवीने पिठाचा हात पदराला पुसला, साखरेचा डबा उचलला आणि बाहेर गेली.